श्वासपटलाचे कार्य आणि त्याचे बिघाड : एक आढावा

छाती आणि उदर यांच्यामध्ये आडवा पसरलेला, मध्यभागी कंडरेचा आणि कडेने स्नायूंचा बनलेला जो पातळ पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात; काही ग्रंथांत त्याचा उल्लेख मध्यपटल असाही आढळतो. शांत श्वसनात आत येणाऱ्या हवेपैकी सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश हवा या एकाच स्नायूच्या आकुंचनामुळे येते, आणि मिनिटाला चौदा श्वास धरले तरी दिवसाकाठी वीस हजारांहून अधिक वेळा त्याला हे काम करावे लागते. इतके महत्त्व असूनही त्याच्या बिघाडांकडे वैद्यकाचे लक्ष बहुधा उशिरा जाते. याचे कारण असे की या बिघाडांची लक्षणे श्वासपटलाच्या जागी क्वचितच दिसतात: ती खांद्याच्या दुखण्यात, छातीतल्या जळजळीत, सकाळच्या डोकेदुखीत किंवा आडवे पडताच लागणाऱ्या धापेत प्रकट होतात, आणि मग फुप्फुसे तपासली जातात, हृदय तपासले जाते, पण या दोहोंच्या खालच्या पडद्याची चौकशी शेवटी होते.

रचनेच्या दृष्टीने श्वासपटल सपाट नसून दोन घुमटांचे असते. उजवा घुमट यकृतावर टेकलेला असल्यामुळे डाव्यापेक्षा किंचित उंच असतो. स्नायुतंतूंचा उगम तीन ठिकाणी होतो: पुढे उरोस्थीच्या खालच्या टोकापाशी, बाजूंना शेवटच्या सहा बरगड्यांच्या आतल्या अंगाला, आणि मागे कमरेच्या वरच्या दोन-तीन मणक्यांवर. तेथून निघालेले सर्व तंतू वर चढत जाऊन मधल्या कंडरेला मिळतात. कंडरा म्हणजे आकुंचन न पावणारा, पण ताण सहन करणारा चिवट तंतुमय भाग. या पडद्यात तीन मोठ्या वाटा आहेत. शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहाशिरा वक्षीय मणक्यांपैकी आठव्या मणक्याच्या पातळीवर कंडरेतून जाते, अन्ननलिका दहाव्याच्या पातळीवर स्नायूतून जाते, आणि महाधमनी बाराव्याच्या पातळीवर पडद्याच्या मागून खाली उतरते. या जागा नुसत्या पाठ करण्याच्या नाहीत, कारण प्रत्येकीमागे शरीरक्रियेचा अर्थ आहे. श्वास घेताना कंडरा ताणली जाते, त्यामुळे शिरेची वाट मोकळी राहते आणि छातीतील घटलेल्या दाबामुळे रक्त वर ओढले जाते. अन्ननलिका मात्र स्नायूच्या पकडीत असल्यामुळे त्याच क्षणी आवळली जाते. आणि महाधमनी मागून जात असल्यामुळे तिच्यातील प्रवाहाला या हालचालीची बाधा होत नाही.

श्वासपटलाची चेता, म्हणजे मज्जातंतूंची जुडी, मानेतून येते, आणि ही गोष्ट पहिल्या वाचनात विचित्र वाटते. तिचे उत्तर गर्भविकासात आहे. ज्या ऊतींपासून हा पडदा घडतो त्यांचा आरंभ गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास मानेच्या पातळीवर होतो, आणि पुढे शरीर लांबत जाताना पडदा खाली सरकतो, पण आपली चेता तो मानेतून ओढतच नेतो. फ्रेनिक या नावाने ओळखली जाणारी ही चेता मेरुरज्जूच्या मानेतील तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खंडांतून निघते, आणि प्रत्येक बाजूची चेता आपापल्या अर्ध्या पडद्याला चालवते. मानेचा कणा या पातळीच्या वर तुटला तर श्वास थांबतो, खाली तुटला तर हातपाय लुळे पडूनही श्वास चालू राहतो. खांद्याच्या त्वचेची संवेदनाही याच खंडांकडे पोचत असल्यामुळे यकृताच्या गळवाने किंवा पोटात साठलेल्या रक्ताने श्वासपटलाचा मधला भाग डिवचला गेला की वेदना खांद्याच्या टोकाला जाणवते. याउलट, पडद्याच्या कडांची संवेदना खालच्या बरगड्यांमधील चेतांमार्फत जाते. म्हणून फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झालेले मूल पुष्कळदा पोट दुखत असल्याची तक्रार करते आणि प्रसंगी अपेंडिक्सचा संशय येतो.

आकुंचनाच्या वेळी नेमके काय घडते, हे पाहिल्याशिवाय पुढचे बिघाड कळणार नाहीत. विश्रांतीच्या स्थितीत पडद्याच्या कडा बरगड्यांच्या आतल्या भिंतीला काही अंतरापर्यंत चिकटून वर चढलेल्या असतात आणि मग घुमटाकडे वळतात. स्नायू आखडला की घुमट खाली येतो, शांत श्वासात १ ते २ सेंटिमीटर आणि दीर्घ श्वासात ७ ते १० सेंटिमीटरपर्यंत. छातीची उभी पोकळी वाढते, फुप्फुसांतील दाब वातावरणापेक्षा किंचित घटतो आणि हवा आत येते. हा फरक पाण्याच्या स्तंभात मोजला तर शांत श्वासात जेमतेम १ सेंटिमीटर असतो. त्याच वेळी दाबल्या गेलेल्या उदरातील अवयवांचा आधार मिळून स्नायू खालच्या बरगड्यांना वर उचलतो, आणि बादलीची कडी उचलावी तशा त्या बाहेरच्या अंगाला फाकतात. म्हणजे श्वासपटलाची शक्ती जितकी त्याच्या तंतूंत आहे तितकीच त्याच्या वक्रतेत आणि उदराच्या प्रतिकारात आहे. ‘पोटाने श्वास घ्या’ या प्रचलित सूचनेत हवा पोटात जाते असा जो समज दडलेला असतो, तो अर्थातच चुकीचा आहे; पोट पुढे येते ते वरून खाली आलेल्या पडद्याने आतले अवयव पुढे ढकलल्यामुळे.

या हालचालीचा ताल लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या मेरुरज्जूला जोडलेल्या सर्वांत खालच्या भागात, ठरतो. १९९१ मध्ये तेथील चेतापेशींच्या एका लहानशा समूहाकडे या तालाचे उगमस्थान म्हणून बोट दाखवले गेले. जागेपणी माणूस हा ताल काही काळ स्वेच्छेने बदलू शकतो, आणि त्याचमुळे बोलणे, गाणे, सूर लावणे शक्य होते. झोपेत परिस्थिती पालटते. स्वप्ने पडण्याच्या टप्प्यात, जेव्हा बंद पापण्यांखाली डोळे वेगाने फिरतात, तेव्हा मानेचे आणि बरगड्यांमधले साहाय्यक स्नायू जवळपास निष्क्रिय होतात आणि श्वसनाचा भार एकट्या श्वासपटलावर येतो. दुबळे श्वासपटल दिवसा इतर स्नायूंच्या मदतीने निभावून नेते, पण या टप्प्यात उघडे पडते: कार्बन डायऑक्साइड साठतो, झोप पुन्हा पुन्हा मोडते, सकाळी डोके जड होते आणि दिवसभर पेंग येते. रुग्ण या तक्रारी सांगतो तेव्हा त्या श्वासाच्या आहेत असे त्यालाही वाटत नसते.

उचकी हा याच यंत्रणेचा सर्वपरिचित विक्षेप आहे. श्वासपटल अचानक आखडते आणि सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात स्वरयंत्राचे दार मिटते, त्यातून तो आवाज उमटतो. कोणीतरी आठवण काढत असल्याची समजूत घराघरांत असली तरी ४८ तासांहून अधिक टिकलेल्या उचकीची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, कारण तिच्यामागे मूत्रपिंडांचे अपयश, लंबमज्जेतील पक्षाघात, यकृताचे गळू किंवा क्वचित हृदयविकाराचा झटका असू शकतो. याहून विरळा प्रकार म्हणजे श्वासपटलाची जलद फडफड. सूक्ष्मदर्शकासाठी प्रसिद्ध असलेल्या आन्तोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १७२३ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, स्वतःच्या या विकाराचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते.

श्वसनाखेरीज खोकणे, शिंकणे, शौचाला जोर करणे, प्रसूतीतील कळा देणे आणि ओझे उचलणे या सर्व क्रियांत श्वासपटल उदरातील दाब वाढवण्यास मदत करते. दाबाच्या या खेळाची उलट बाजू हठयोगातील उड्डियान बंधात दिसते. पूर्ण उच्छ्वास करून, स्वरयंत्र मिटून, श्वास न घेताच छाती फुलवली की शिथिल श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट आत खोल जाते. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या योगक्रियांच्या वेळी शरीरात होणारे बदल क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासले आणि ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. योगक्रियांकडे मोजता येण्याजोग्या शारीरिक घटना म्हणून पाहण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता, आणि श्वासपटलाच्या अभ्यासात त्याची नोंद याहून अधिक ठळकपणे व्हायला हवी होती.

बिघाडांपैकी सर्वांत अधिक आढळणारा बिघाड अन्ननलिकेच्या वाटेशी संबंधित आहे. ही वाट सैल झाली की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, याला हायटस हर्निया म्हणतात. जठरातील आम्ल वर येऊ नये म्हणून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जे कडे असते त्याला बाहेरून श्वासपटलाच्या पकडीचा आधार असतो. दोन्ही एकमेकांपासून दुरावली की आम्ल वर चढते आणि छातीत जळजळ होते. वय, लठ्ठपणा आणि गर्भारपण यांमुळे ही शक्यता वाढते. बहुसंख्य रुग्णांत औषधे आणि वजनातील घट पुरते. जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या शेजारून वर चढला असेल, तर मात्र तो पिळवटण्याचा धोका असल्याने शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

जन्मजात दोष याहून फार गंभीर असतो. सुमारे अडीच ते तीन हजार जन्मांमागे एका बाळात पडद्याचा एक भाग, बहुधा डावीकडचा मागला, जुळलेलाच नसतो आणि आतडी छातीत चढतात. या मागच्या भगदाडाला प्रागचे शरीररचनाशास्त्रज्ञ बोखडालेक यांचे नाव दिले जाते. वरवर पाहता भोक शिवले की काम झाले असे वाटते, आणि कित्येक वर्षे तातडीने शस्त्रक्रिया करण्याचाच प्रघात होता. खरे संकट भोकाचे नसून दबून खुरटलेल्या फुप्फुसांचे आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेल्या दाबाचे आहे, हे उमगल्यावर आधी बाळाचा श्वास आणि रक्ताभिसरण स्थिर करून मग शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली. जन्मताच अशा बाळाला मास्कने हवा देऊ नये, कारण ती आतड्यांत शिरून फुप्फुसे आणखी दाबते. थेट श्वासनलिकेत नळी घालावी लागते. अतिगंभीर प्रकारांत गर्भाच्या श्वासनलिकेत २७ ते २९ आठवड्यांच्या दरम्यान छोटा फुगा बसवून ३४ व्या आठवड्यात काढला, तर फुप्फुसे अधिक वाढतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा बाळांपैकी जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. पोटातील बाळाच्या सोनोग्राफीत हा दोष वेळीच दिसणे म्हणूनच निर्णायक ठरते. प्रसूती कोठे करायची हे त्यावरून ठरते.

अपघातात पोटावर जोराचा आघात झाला तर श्वासपटल फाटू शकते, आणि उजवीकडे यकृताचे संरक्षण असल्यामुळे हे डावीकडे अधिक घडते. अशी फाट कधी कधी त्या वेळी लक्षात न येता काही वर्षांनी आतडे अडकल्यावर उघडकीस येते. भारतात नेहमी दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे अमीबामुळे झालेले यकृताचे गळू उजवा पडदा भेदून छातीत फुटणे. रुग्णाला खोकल्यातून तपकिरी, चॉकलेटच्या रंगाचा पू पडू लागतो.

तंतू शाबूत, चेता शाबूत, आणि तरीही श्वासपटल निकामी, अशी स्थिती सीओपीडी या दीर्घकालीन श्वसनविकारात येते. श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे हवा बाहेर पडत नाही, फुप्फुसे फुगून राहतात आणि घुमट सपाट होतो. सपाट पडद्याने आखडून खाली जायचे कोठे? त्याची ओढ आडवी पडते आणि श्वास घेताना खालच्या बरगड्या फाकण्याऐवजी आत ओढल्या जातात. अंगावरचा सदरा काढून रुग्णाकडे पाहिले तर ही खूण डोळ्यांना दिसते. हा आजार केवळ बिडी-सिगारेटचा नव्हे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधील संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मधून धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे लक्ष वेधले, आणि चुलीच्या धुराला त्यात मोठे स्थान होते. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईची धाप वयावर ढकलली जाते, ही या विषयातली मोठी अन्यायाची गोष्ट आहे. अशा रुग्णांना सरसकट पोटाने श्वास घ्यायला लावणेही योग्य नव्हे, कारण पडदा फार सपाट झाला असेल तर त्या प्रयत्नाने श्रम वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. ओठ मिटत आणून हळूहळू श्वास सोडणे अधिक उपयोगी पडते.

एका बाजूची फ्रेनिक चेता दुखावली तर पुष्कळांना काहीच त्रास होत नाही आणि छातीच्या एक्स-रेमध्ये एक घुमट वर चढलेला दिसतो एवढेच. या दुखापतीचे कारण फुप्फुसाचा कर्करोग, हृदयाची किंवा मानेची शस्त्रक्रिया, नागीण किंवा चेतेचा दाह असे काहीही असू शकते. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येण्यापूर्वीच्या काळात क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून शल्यचिकित्सक ही चेता मुद्दाम चिरडत असत, हे आज आठवून पाहण्यासारखे आहे. दोन्ही बाजू लुळ्या पडल्या की चित्र सर्वस्वी बदलते. रुग्ण उभा असताना ठीक असतो, आडवा होताच गुदमरतो, आणि कमरेइतक्या पाण्यात उतरल्यावरही त्याला दम लागतो, कारण पाण्याचा दाब उदरावर येऊन लुळा पडदा वर ढकलला जातो. ओळखण्याची रीत अगदी साधी आहे. रुग्णाला क्षणभर उताणे निजवून त्याच्या पोटावर आणि छातीवर एकेक हात ठेवावा. निरोगी माणसात श्वास घेताना दोन्ही हात वर येतात, येथे छाती वर येते आणि पोट आत जाते. बसून आणि झोपून मोजलेल्या श्वासाच्या धारकतेत ३० टक्क्यांहून अधिक फरक पडला तर निदान बळकट होते, आणि सोनोग्राफीत श्वासाबरोबर स्नायू जाड होत नाही हे पाहून ते पक्के करता येते. हात ठेवून करायच्या या साध्या तपासणीला काहीही खर्च नाही; ती होत नाही, कारण धाप लागलेल्या रुग्णाला कोणी आडवे करत नाही.

चेता आणि स्नायू यांच्या जोडावर ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन संदेश पोचवते, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात श्वासपटल बंद पडते ते पुष्कळदा याच जोडावर. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, व्रण दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मान उचलता येत नाही आणि अखेरीस श्वास मंदावतो. तिचे विष चेतेची टोकेच निकामी करते, त्यामुळे एकदा लकवा सुरू झाल्यावर प्रतिविषाचा उपयोग मर्यादित राहतो; टोके नव्याने वाढेपर्यंत, म्हणजे काही दिवस ते काही आठवडे, कोणीतरी श्वास देत राहावे लागते, आणि तो दिला तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची बाधाही याच जोडावर घात करते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या विषांची चर्चा राज्यभर झाली. या विषबाधेचा एक फसवा टप्पा १९८७ मध्ये श्रीलंकेतील वैद्यांनी वर्णिला: लाळ, घाम, उलट्या ओसरून रुग्ण सुधारल्यासारखा वाटतो आणि २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान व श्वासाचे स्नायू एकाएकी ढिले पडतात. लवकर घरी सोडलेला रुग्ण याच टप्प्यात दगावू शकतो. गिलियन-बारे विकारात घाव जोडावर नसून चेतांवर असतो, पण धोका तोच; २०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात या विकाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, तेव्हा कितींना व्हेंटिलेटर लागेल हीच मुख्य चिंता होती. अशा प्रत्येक रुग्णाला दर काही तासांनी एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावावेत. निरोगी प्रौढ माणूस चाळीस-पन्नासच्या आसपास पोचतो. पंधरा-विसाच्या आत थांबू लागला तर रक्तातील ऑक्सिजन अजून ठीक दिसत असला तरी त्याला व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात हलवण्याची वेळ झालेली असते. मान उशीवरून उचलता येते का, हेही पाहावे, कारण मानेचे ते स्नायू आणि श्वासपटल यांच्या चेता मेरुरज्जूच्या जवळजवळच्या खंडांतून निघतात.

श्वास बाहेरून देता येतो हे १९५२ मध्ये कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीने ठामपणे सिद्ध केले. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून रुग्णांच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसवली गेली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस हातांनी पिशवी दाबली; श्वासाचा लकवा झालेल्या दहा रुग्णांपैकी जवळपास नऊ दगावत होते, ते प्रमाण काही महिन्यांत निम्म्याहून खाली आले. मण्यारदंशाच्या रुग्णाला तालुक्याहून जिल्ह्याला नेताना रुग्णवाहिकेत पिशवी दाबत बसलेला कर्मचारी तेच काम करत असतो. कायमच्या लकव्यात चेतेला विजेचे ठोके देऊन स्नायू चालवण्याचा मार्गही निघाला आणि मानेचा कणा तुटलेल्या काही रुग्णांची व्हेंटिलेटरपासून त्यामुळे सुटका झाली. पण तोच उपाय चेतापेशी झिजवणाऱ्या मोटर न्यूरॉन विकारात वापरला, तेव्हा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत उपाय मिळालेले रुग्ण इतरांपेक्षा लवकर दगावले. मास्कवाटे दाबाने हवा देणे या विकारात आजही अधिक भरवशाचे आहे.

व्हेंटिलेटरचीही एक किंमत असते. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असे दिसले की यंत्राने पूर्ण श्वास दिल्यावर १८ ते ६९ तासांतच स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून अधिक घटले होते. हातापायांचा स्नायू आठवडाभर पडून राहिला तरी इतका झिजत नाही. दुसरीकडे, रुग्णाला फार ओढू दिले तर त्याच स्नायूला इजा होते. म्हणून आता अतिदक्षता विभागांत रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न थोडा चालू ठेवण्याकडे कल आहे, आणि त्याचे प्रमाण सोनोग्राफीने पाहता येते: श्वासाबरोबर श्वासपटलाची जाडी १५ ते ३० टक्क्यांनी वाढत असेल, म्हणजे निरोगी माणसाच्या शांत श्वासाइतकेच काम ते करत असेल, तर असे रुग्ण सर्वांत लवकर यंत्रावरून सुटतात असे टोरांटोमधील २०१८ च्या अभ्यासात आढळले.